मुसकं

लॅरी आला तेव्हा त्याला जिना ठाऊक नव्हता. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा ग्रेहाउंड जन्मला पत्र्याच्या खुराड्यात आणि वाढलाही तिथंच. शर्यतीच्या मैदानाशिवाय त्याने जग पाहिलेलं नव्हतं. मागच्या पायाचा सांधा धरला, शर्यतीत मागे पडू लागला, तसं मालकाने त्याला बाद केलं. पहिल्याच सकाळी त्याने काचेच्या दारावर नाक आपटून घेतलं. किटलीने शिट्टी वाजवली की तो टेबलाखाली जाऊन थरथरायचा, आणि टीव्हीवर घोडे दिसले की बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

नोरीन टूहीला याचं नवल नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यापासून ती असलेच कुत्रे सांभाळत आली होती. गावाबाहेर डर्वला नावाच्या बाईने बाद कुत्र्यांसाठी निवारा काढला होता. तिथून एकेक कुत्रा नोरीनकडे यायचा, महिना-दोन महिने राहायचा, सोफा, गालिचा, फ्रीज यांची ओळख करून घ्यायचा आणि मग त्याला कायमचं घर देणारं कुणीतरी येऊन घेऊन जायचं. दर वेळी निरोप देताना नोरीन फाटकात उभी राहून हुंदके द्यायची, आणि फिंटन, तिचा नवरा, म्हणायचा, "अगं, कुत्रा शेजारच्या गॉलवेला चाललाय. तू तर त्याला अमेरिकेच्या बोटीत बसवून दिल्यासारखी रडतेस."

लॅरीसाठीही घर ठरलं होतं. किलकेनीचं एक जोडपं येऊन त्याला बघून गेलं होतं आणि येत्या शनिवारी न्यायला येणार होतं.

शेजारी कॉन्सेप्टा ग्लीसन राहायची. ऐंशीच्या घरातली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिचा सगळा जीव एका पांढऱ्याशुभ्र, फूटभर उंचीच्या कुत्र्यात. गळ्यात बिशप घालतात तसला जांभळा पट्टा, म्हणून त्याचं नाव बिशप. एकदा फादर चहाला आले असताना या बिशपने त्यांच्या बुटावर पाय वर केला. फादर लालबुंद झाले. कॉन्सेप्टा शांतपणे म्हणाली, "रागावू नका फादर. अधिकाराने मोठा आहे तो तुमच्यापेक्षा." गावात हा किस्सा अजून सांगतात.

बिशपला लॅरी मुळीच खपत नसे. भिंतीच्या टोकाशी असलेल्या झुडपांखालून अंग चोरून तो नोरीनच्या परसात यायचा, लॅरीच्या पुढ्यात उभा राहून भुंकायचा, आणि लॅरी, त्याच्या पाचपट वजनाचा, नोरीनच्या स्कर्टमागे दडायचा. "शर्यती जिंकलेला म्हणे," कॉन्सेप्टा भिंतीवरून हसायची. "कुणाविरुद्ध पळाला गं हा, गोगलगाईंच्या?"

त्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. टिपरेरीच्या पावसाळी परगण्यात वसंतात ऊन पडलं की बायका हातातलं टाकून आधी कपडे वाळत घालतात. नोरीन टोपली घेऊन परसात आली, मागोमाग लॅरी. त्याच्या तोंडावर प्लास्टिकचं जाळीदार मुसकं होतं. घराबाहेर पाऊल पडलं की मुसकं, मग ते स्वतःचं परस का असेना, हा डर्वलाचा नियम. "शर्यत सुटली तरी धडा सुटत नाही," ती प्रत्येकाला बजावायची. "लहानसं काही पळताना दिसलं की धरायचं, एवढंच शिकवलेलं असतं त्यांना." पण मुसक्याची कड घासून घासून लॅरीच्या नाकावरचं सालपट निघालं होतं. ग्रेहाउंडची कातडी म्हणजे ओल्या कागदासारखी. आत लाल, ओलं दिसत होतं. नोरीनने मुसकं काढून मलम लावलं. त्यावर पुन्हा ते प्लास्टिक चढवायला काही तिचा हात धजेना.

"कपडे वाळत घालून होईपर्यंत वारा लागू दे," ती त्याला म्हणाली, आणि मुसकं दोरीच्या खांबाला अडकवलं.

बिशप नेहमीसारखा झुडपाखालून आला. नेहमीसारखा भुंकला. लॅरी नेहमीसारखा तिच्या पायांमागे लपला. "अरे, लाज कशी वाटत नाही तुला," नोरीन हसून म्हणाली. "तुझ्या डोक्याएवढाही नाही तो." तेवढ्यात वाऱ्याने दोरीवरचा फिंटनचा मोजा खाली पडला. बिशपने तो तोंडात धरला आणि घराकडे धूम ठोकली.

लॅरी आल्यापासून नोरीनने त्याला पळताना पाहिलंच नव्हतं. चालायचा तोसुद्धा म्हाताऱ्या पाद्र्यासारखा, मान खाली घालून. आता तिच्या शेजारून काहीतरी निघून गेलं आणि तिचा स्कर्ट फडफडला. तो पट्टेरी देह जमिनीला लागतच नव्हता. धनुष्यासारखा वाकत होता आणि सुटत होता. त्या निमिषात नोरीनच्या मनात दुसरं काहीही आलं नाही. तिला वाटलं, अगंबाई, किती देखणा!

आणि मग सगळं झालेलं होतं.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. लॅरीने एकदा मान झटकली, तोंडातलं खाली ठेवलं आणि परत चालत आला, तसाच, म्हाताऱ्या पाद्र्यासारखा. येऊन त्याने रोजच्यासारखं आपलं सगळं अंग तिच्या पायांवर टेकवलं आणि वर पाहिलं. नोरीनचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला. दोनदा थोपटून झाल्यावर तिला आपल्या बोटांना लागलेलं रक्त दिसलं.

तिने मान वर केली. भिंतीपलीकडे कॉन्सेप्टा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात अंड्याची वाटी होती.

"त्याचं अंडं निवत ठेवलं होतं मी," कॉन्सेप्टा म्हणाली. जणू काही कुणी तिला विचारलं होतं.

"मी मुसकं काढलं," नोरीन म्हणाली. "मी मुसकं काढलं, मिसेस ग्लीसन. मी काढलं."

कॉन्सेप्टाने वाटी खिडकीत ठेवली. घरातल्या चपलांनी ती हळूहळू फाटकातून फिरून आली, अंगातला लोकरी सदरा काढला, गवतात गुडघे टेकले आणि बिशपला त्यात गुंडाळलं. त्याच्या दातांत मोजा अडकला होता. तिने एकदा ओढून पाहिला. सुटला नाही. "राहू दे," ती म्हणाली. नोरीन हात द्यायला पुढे झाली, तशी तिने नुसता तळवा वर केला. मग ते गाठोडं छातीशी धरून ती घरात गेली आणि दार लागलं.

फिंटन दुपारी दुधाचा टँकर लावून घरी आला तेव्हा नोरीन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती. किटलीतलं पाणी आटून तळ जळाल्याचा वास घरभर सुटला होता. त्याने आधी किटली उतरवली, मग तिच्याजवळ बसला. काय झालं ते त्याला तुकड्यातुकड्याने कळलं.

"झोपलाय तो," नोरीन कुजबुजली. "बघ ना फिंटन. झोपलाय."

सोफ्यावर लॅरी उताणा, चारही पाय वर करून घोरत होता. फिंटन कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसता पाहत राहिला.

संध्याकाळी तो फावडं घेऊन कॉन्सेप्टाकडे गेला. तिने दार उघडलं नाही. खिडकीतून सफरचंदाच्या झाडाकडे बोट दाखवलं. खड्डा झाल्यावर ती बाहेर आली, गाठोडं स्वतः खाली ठेवलं आणि माती लोटेपर्यंत उभी राहिली. चर्चची सहाची घंटा झाली. फिंटनने टोपी काढली. तिने क्रूसाची खूण केली नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी नोरीन दुकानात गेली तर सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. तिला वाटलं, आता बोलतील. पण एकीने तिचा हात हातात घेतला, दुसरीने तिची पिशवी उचलली.

"तुझा काय दोष गं? जातच ती तसली."

"मी मुसकं काढलं होतं," नोरीन म्हणाली.

"अगं, कुणीही काढलं असतं. मायाळू म्हणून काढलंस. आणि हे फळ!"

ती जिथं जाईल तिथं हेच. फादरनी सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस. निवारा चालवणारी डर्वला गाडी पिटाळत आली, खुर्चीत कोसळली आणि म्हणाली, "माझंच चुकलं, नोरीन. मऊ अस्तराचं मुसकं द्यायला हवं होतं मी तुला." नोरीन तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. आपलं बोलणं आपल्याच कानांपर्यंत पोचतंय का, अशी तिला शंका येऊ लागली. सगळं जग येऊन तिच्या अंगावर शाल पांघरत होतं, आणि तिला तर कुणीतरी फाडकन मुस्काटात मारायला हवं होतं.

"पुढं काय?" फिंटनने डर्वलाला विचारलं.

"ते मिसेस ग्लीसनवर आहे. त्यांनी कौन्सिलकडे तक्रार केली, तर माणूस येईल आणि लॅरीला सुई देऊन संपवतील. किलकेनीच्या लोकांना मी थांबायला सांगितलंय. काय झालं ते सगळं सांगितलंय."

त्याच दुपारी कॉन्सेप्टाचा भाचा डेक्लन आला. दारात मावणार नाही असा माणूस, अंगात गावच्या हर्लिंग खेळाच्या संघाचा निळा-पिवळा सदरा. "मिसेस टूही, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "पण ते जनावर मला आडवं झालेलं बघायचंय. मावशीला त्याच्याशिवाय कोण होतं? उद्या कौन्सिलला फोन करणार मी."

"माझ्याशीच वाकडं असायला हवं, डेक्लन. मुसकं मी काढलं."

"तुम्ही नका असं बोलू. आधीच धसका घेतलाय तुम्ही." जाताना त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

नोरीनला राहवेना. तिने सोडा-पाव भाजला, पंच्यात गुंडाळला आणि कॉन्सेप्टाचं दार वाजवलं. दार वीतभर उघडलं. फटीत कॉन्सेप्टाचा एक डोळा आणि अर्धं तोंड. नोरीनने वाटेत जे काही जुळवून ठेवलं होतं ते विसरलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मिसेस ग्लीसन, तिकडे नीना गावात एका बाईकडे पिल्लं आहेत. पांढरी. तुम्ही म्हणाल तर..."

कॉन्सेप्टाने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"नोरीन, उद्या मी फिंटनला गाडीखाली घेतलं, तर परवा तुझ्यासाठी दुसरा नवरा घेऊन येऊ का? नीनाला ते पण मिळतील."

दार लागलं. नोरीन पायरीवरच उभी राहिली. तिचे कान तापले होते. इतक्या माणसांत कुणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं. पाव तिने खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तिथंच होता, कावळ्यांनी टोचलेला.

शुक्रवारी दुपारी फाटक वाजलं. नोरीनने खिडकीतून पाहिलं आणि हातातली बशी सिंकमध्ये सोडली. काठी टेकत कॉन्सेप्टा येत होती. अंगात रविवारचा, चर्चला जायचा कोट, डोक्याला रुमाल. ती परसात आली, कपड्यांच्या दोरीपाशी फिंटनची खुर्ची होती तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आण त्याला."

"मिसेस ग्लीसन, नको..."

"आण म्हटलं ना."

नोरीनने लॅरीला मुसकं घातलं. दोनदा पट्टा ओढून पाहिला. गळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि त्याला बाहेर आणलं. लॅरी सरळ त्या म्हातारीकडे गेला आणि आपलं लांब, मुसक्यातलं तोंड तिच्या मांडीवर ठेवलं. कॉन्सेप्टाने दोन्ही हात वर उचलून धरले, अंगावर काही सांडल्यासारखे. कितीतरी वेळ ती तशीच बसली.

"किती वेळ मोकळा होता?"

"कपडे वाळत घालेपर्यंत."

"का काढलंस?"

"नाक सोललं होतं."

कॉन्सेप्टा वाकली. जाळीतून तिने नाक बघितलं. "हं. सोललंय खरं." मग तिचा एक हात हळूच खाली आला. तिने लॅरीचा कान उलटा केला. आत गोंदलेली हिरवी अक्षरं होती, शर्यतीच्या कुत्र्याला पिल्लू असतानाच गोंदतात तशी. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"माझे वडील कुत्रे पाळायचे," ती म्हणाली. "रानात सशामागे सोडायचे. मोसमाच्या आधी त्यांना जिवंत ससे द्यायचे, चव लागावी म्हणून. आणि कुत्र्याने ससा धरला ना, की वडील त्याचं डोकं दोन्ही हातांत घेऊन मुका घ्यायचे. आम्हा पोरांचा कधी घेतला नाही. तो कुत्रा मग असा बघायचा वडिलांकडे, जसं काही स्वर्गाचं दार उघडलंय." ती थांबली. "हा आला का तुझ्याकडे तसा? नंतर?"

हे तिने फिंटनलाही सांगितलं नव्हतं.

"आला. पायांवर टेकला."

"आणि तू?"

"मी थोपटलं त्याला." तिला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "दोनदा. सवयीनं हात गेला. मला कळलंच नाही मी काय करतेय. आणि... तो पळाला ना, तेव्हा मला वाटलं, किती सुंदर पळतो. बिशप पुढं दिसत होता मला. तरी तेच वाटलं."

कॉन्सेप्टाचा अंगठा थांबला. तिच्या तोंडावरचा रंग उतरला, ओठ पांढरे पडले. नोरीनला वाटलं ही आता काठी उचलेल. उचलावी, असंही वाटलं.

"सगळे येतात," कॉन्सेप्टा अखेर म्हणाली, "आणि मला सांगतात, जनावर वाईट. डेक्लन सांगतो, फादर सांगतात. जनावराने शिकवलेलं केलं. मुसकं त्याने नाही काढलं. तू काढलंस. तू, नोरीन."

"हो."

"माझ्या बिशपला तू मारलंस."

"हो," नोरीन म्हणाली. ती गवतातच बसली आणि त्या सकाळपासून पहिल्यांदा रडली, मोठ्याने, लहान पोरासारखी. लॅरी घाबरून तिच्याकडे वळला. कॉन्सेप्टाने तिला गप्प केलं नाही. हातही लावला नाही. रडू ओसरेपर्यंत तिथं बसून राहिली मात्र.

मग ती काठीवर भार देऊन उठली. "याला सुई देऊ देणार नाही मी. डेक्लनला सांगून आलेय. फोन केलास तर तुला घरात घेणार नाही म्हटलंय. पण हा इथं नको. आणि याच्यामागून दुसराही नको. मला भिंतीपलीकडे कुत्र्याच्या नखांचा आवाज ऐकू यायला नको, नोरीन."

नोरीनने वर पाहिलं. तिला लगेच उमगलं नाही, मग एकदम उमगलं. आजवर आलेले गेलेले सगळे लांब, हडकुळे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. "कधीच नको?"

"मी आहे तोवर. घाबरू नकोस, फार दिवस नाही मी."

ती गेली. फाटकाची कडी तिने नीट लावली.

शनिवारी किलकेनीचं जोडपं आलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी आले. त्यांच्याकडे मांजर नाही, शेजारी कुणी नाही, परसाला उंच भिंत. त्या बाईने एकच प्रश्न विचारला, "नाकाला काय लावता?" आणि पिशवीतून मऊ कातड्याचं मुसकं काढून तिने स्वतः घातलं, पट्ट्यात दोन बोटं सरकवून पाहिली. तिचं ते बोटं सरकवणं बघून नोरीनला जरा धीर आला. लॅरी गाडीत चढला, सीटवर दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला. गाडी वळणाआड गेली तरी त्याने मागे पाहिलं नाही. फिंटन बोटीबद्दल काही बोलला नाही. नोरीनही रडली नाही. सोफ्यावरच्या चादरी तिने धुतल्या, घड्या घालून डर्वलाकडे नेऊन दिल्या आणि म्हणाली, "माझ्या घरी आता पाठवू नकोस. इथली खुराडी धुवायची असतील तर येत जाईन."

"वेडी आहेस का? त्या म्हातारीच्या रागापायी?"

"रागापायी नाही," नोरीन म्हणाली. डर्वलाला ते समजलं नाही. नोरीनने समजावलंही नाही. दर मंगळवारी ती सायकलवरून जाऊ लागली.

कॉन्सेप्टा तिच्याशी बोलत नव्हती. चर्चमध्ये समोर आली तर मान हलवायची, इतकंच. सफरचंदाला फुलं आली, गळून पडली. परसात पाऊल टाकलं की आता इतकं शांत असायचं की नोरीनला दोरीची कुरकुर ऐकू यायची.

असंच एका दुपारी ती कपडे वाळत घालत होती. पश्चिमेकडून ढग चढत होते. भिंतीपलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग कॉन्सेप्टाची हाक, खणखणीत, घाईची:

"बिशप! ए बिशप, आत ये, भिजशील!"

आणि त्यामागून काहीच नाही. नोरीन हातात फिंटनचा सदरा घेऊन जागीच थिजली. भिंतीपलीकडेही कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळाने कॉन्सेप्टाचा आवाज आला, आता अगदी खालच्या पट्टीत.

"ऐकलंस?"

"हो, मिसेस ग्लीसन."

"तोंडाला सवय आहे."

"हो."

मग काठीचा आवाज, दाराकडे जाणारा, आणि दार लागायच्या आधी थांबलेला.

"दोरीवरचे कपडे काढ तुझे," कॉन्सेप्टा म्हणाली. "पाऊस खरंच येतोय."